मोंढ्यावरची बहिरी आणि आपलं भांडण

आक्का,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्बीण घेऊन गच्चीवर निघाले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा मागून तुमच्या थोरल्या मामेबहिणीचा आवाज आला, "काहून वं मंगल, कुठं चालली?"

"वर. बहिरी आली का पाहते."

त्या माझ्या हातातल्या दुर्बिणीकडं बघतच राहिल्या. "घरात मयत झाली आन तुला पाखरं सुचून राहिली व्हय?"

मी तशीच वर गेले आणि दार ओढून घेतलं. धुकं नव्हतं, थंडी मात्र कडक होती. ती होती, आक्का. मोबाईलच्या टॉवरवर, वरून दुसऱ्या आडव्या पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात. पाठ आपल्याकडं आणि तोंड धान्याच्या मोंढ्याकडं. तिला पाहून मला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. राग आला. आधी तिचा आला, मग तुमचा. तुमचा अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाळापूरकडची नर्सची नोकरी संपवून तुम्ही हिंगोलीला भावाकडं, म्हणजे माझ्या घरी राहायला आलात, तेव्हा मला आनंद झाला नव्हता. हे तुम्हाला माहीत होतंच. तहसीलसमोरचं झेरॉक्सचं दुकान मला साडेनऊला उघडावं लागतं. तुमच्या भावाचा डबा, पोरीचा डबा, आणि त्यात भाजीत मीठ किती ते सांगणारी नणंद. पहिले सहा महिने आपण फक्त मिठावरून भांडलो. मग दिवाळी झाली, थंडी पडली आणि तुम्ही सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायला लागलात. जायचात ते तासभर खाली यायचंच नाव नाही. एक दिवस मी तणतणत वर आले. पीठ हाताला तसंच. म्हटलं, "आक्का, निवडायला मेथी पडली हाय खाली."

तुम्ही वळलाही नाहीत. कानाचं मशीन खाली ठेवून आला असाल असं वाटून मी जवळ येऊन ओरडले, तर म्हणालात, "ऐकू येऊन राहिलं मला. पिठाचे हात पूस आन हे धर."

दुर्बिणीतून मला आधी नुसतं पांढरं दिसलं. मग तार दिसली. मग कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी. तुम्ही माझी हनुवटी धरून मान वर केलीत, जशी इंजेक्शन देताना लेकराची मान धरायचात तशी. आणि मग ती दिसली. राखाडी पाठ, पांढऱ्या छातीवर बारीक काळ्या रेघा, आणि गालावर खाली उतरलेला काळा कल्ला, एखाद्या फौजदाराच्या मिशीसारखा. डोळ्याभोवती पिवळी कड. तिनं मान फिरवली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मी उघडी पडले.

"ससाणा हाय," तुम्ही म्हणालात. "बहिरी ससाणा. लांबून येती, कुठून कुठून. थंडी सरली की जाती."

"बहिरी? ऐकू येत न्हाई तिला?"

तुम्ही इतक्या जोरात हसलात की चहा सांडला. "तसं न्हाई गं. नावच हाय तिचं ते. पण असंना. माझी सोबतीण झाली."

त्या दिवशी मेथी तशीच राहिली आणि पोरगी बिस्किटं घेऊन शाळेत गेली.

तुम्हीच सांगितलं होतं मला, बाळापूरला रात्रपाळी संपवून क्वार्टरकडं जाताना तुमच्या डोक्यावर पिसं पडली होती म्हणून. कबुतराची पिसं, एकामागं एक, हळूहळू. वर पाहिलं तर पाण्याच्या टाकीवर ती बसलेली, पायाखाली शिकार धरून निवांत सोलत होती. तुम्ही म्हणालात, "रातभर एक बाई अडली होती. लेकरू उलटं, माझ्या काळजाचं पाणी. सकाळी कुठं सुटली. आन बाहेर आले तर हे. मला कायबी वाईट वाटलं न्हाई बघ कबुतराचं. म्हटलं, ही तिचं काम करून राहिली, मी माझं." पुढच्या पगारात तुम्ही नांदेडहून दुर्बीण आणली. कुणी तरी विचारलं म्हणे, सिस्टर, सिनेमाला जाता का हे घेऊन?

आपल्या इथं तर तिची चंगळच होती. मोंढ्यात ज्वारी, सोयाबीन, हळद, सगळ्याचे ढीग आणि ढिगांवर शेकड्यांनी कबुतरं. पहिली हमालांची गाडी आली की सगळी एकदम उठायची. तेवढ्याचीच ती वाट पाहायची. टॉवरवरून सुटायची ती आधी वर जायची, खाली नाही. हे मला कळायला महिना गेला. मी खाली शोधत बसायचे आणि तुम्ही म्हणायचात, "वर, वर, पार वर." वर एक ठिपका. मग तो ठिपका पंख मिटायचा आणि दगडासारखा पडायचा. दहातल्या आठ वेळा काहीच व्हायचं नाही, कबुतरं फाकायची, ती रिकामी परत यायची आणि त्याच पट्टीवर बसायची. तुम्हाला ते फार आवडायचं. "लाज वाटत न्हाई तिला," म्हणायचात. "रिकाम्या हातानं आली तरी मान खाली न्हाई."

दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतले बाबाराव आपल्या दारात आले. त्यांनी नवा मजला चढवला होता, वर न्हाणीघर बांधलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की तुमच्या घरच्या बाया रोज सकाळी दुर्बिणीनं आमच्या घरात पाहून राहिल्या. तुमचा भाऊ दारातच उभा, एसटीच्या वर्कशॉपचे कपडे अंगावर. एकदम गोरामोरा. मी आत ओट्यापाशी थिजले. बाबाराव जाता जाता म्हणाले, "पाखराचं निमित्त सांगू नका. बहिरी बाई आन बहिरी पाखरू. लोक हसून राहिलेत."

त्या संध्याकाळी तुमच्या भावानं दुर्बीण माळ्यावर पितळी भांड्यांमागं ठेवली. म्हणाला, "आक्का, आपल्याला या लोकात राहायचं हाय."  मला वाटलं, संपलं. खरं सांगते, मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. बायामाणसांच्या नावानं गल्लीत बोललं जाणं म्हणजे काय ते मला लग्नाआधीपासून माहीत होतं.

सकाळी उठले तर माळ्याखाली स्टूल आणि तुम्ही पदर खोचून तयार. "चल."

"कुठं?"

"बाबारावाच्या गच्चीवर. तिथून टावर जवळ पडतो."

मी हात धरला होता तुमचा. आठवतं? म्हटलं, आक्का, नका. तुम्ही माझा हात सोडवला नाहीत, तसंच ओढत नेलंत मला. दार बाबारावांच्या आईनं उघडलं. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर मफलर. तुम्ही म्हणालात, "आई, तुमचा लेक म्हणतो आमी तुमच्या न्हाणीत पाहतो. आमी काय पाहतो ते तुमीच पाहा." आणि म्हातारीचा दंड धरून जिना चढायला लागलात, जशा काही त्या तुमच्या वॉर्डातल्या पेशंट. बाबाराव तोंडात ब्रश घेऊन मोरीतून बघत राहिले. बोलता येईना त्यांना.

म्हातारीला दुर्बीण लावून द्यायला बराच वेळ लागला. हात कापत होते त्यांचे, म्हणून मी खालून कोपर धरलं. मग त्या दुर्बीण सोडेचनात.  शेवटी म्हणाल्या, "बाई बाई बाई. कशी बसली हाय बघ, पाटलीणबाईवानी." आणि लेकाला हाक मारली, "बाबू, चहा टाकायला सांग."

चहा आला. आपल्या लोकांसाठी वेगळे कप काढतात का ते तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं. आपण दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. घरातलेच कप होते, म्हातारीच्या हातात होता तसलेच. तुम्ही चहा संपवलात, कप आडवा न करता, न विसळता तिथंच ठेवलात आणि म्हणालात, "उद्या येऊ का?" खाली आल्यावर मी पायरीवरच बसले. तुम्ही म्हणालात, "भिली व्हय? मीबी भिले होते." हे तुम्ही एवढं एकदाच कबूल केलंत. त्याच्यानंतर गल्लीत कुणी काही बोललं नाही. बोललं असेल तर मी ऐकलं नाही. ती विद्या मी तुमच्याकडूनच शिकले.

आता आपल्या भांडणाचं.

या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही स्वतःच पोट दाबून पाहिलंत आणि मला सांगितलंत, गाठ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढले, कागद दिले, ऑपरेशन लवकर करू म्हणाले. तुम्ही सगळे कागद बाहेरच्या बाकावर बसून वाचलेत, माझ्यापेक्षा शांतपणे. एसटीत बसल्यावर म्हणालात, "होळीनंतर करू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काहून? होळीनंतर काहून?"

"ती तवर जाती. आत्ताशी आली हाय. एवढी थंडी मला नळ्या लावून पडायचं न्हाई, मंगल. त्या खाटंवर पडलेल्या बाया मी आयुष्यभर पाहिल्या. उठतील की न्हाई ते डॉक्टरलाबी ठाऊक नसतं. ही थंडी माझी हाय."

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बोलले. चार दिवस बोलत होते. तुमच्या भावानं हात जोडले, पोरीनं रडून पाहिलं, मी सगळं करून पाहिलं. चौथ्या दिवशी गच्चीवर तुम्ही माझ्याकडं पाठ करून टॉवरकडं बघत होतात. एका हातात दुर्बीण होती. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. मी म्हणाले, "तुमाला लेकरूबाळ न्हाई ना, म्हणून तुमाला कुणाचं काय वाटत न्हाई. पाखराच्या मागं मरून जा तुमी."

म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले. शेकडो लेकरं स्वतःच्या हातांनी जगात आणणाऱ्या बाईला. बाविसाव्या वर्षी नवऱ्याच्या घरातून एका पिशवीनिशी निघून आलेल्या, आणि त्याबद्दल एकदाही कुणापाशी न रडलेल्या बाईला.

तुम्ही वळला नाहीत. जरा वेळानं मूठ उघडलीत तर आत कानाचं मशीन होतं. ते तुम्ही कानात बसवलंत आणि मला विचारलंत, "काही म्हणलीस का?"

मी म्हटलं, "न्हाई. चहा आणू का म्हणलं."

तुम्ही ऐकलं होतंत का, आक्का? आजवर मला कळलेलं नाही. मशीन काढलं तरी जवळचं मोठ्यानं बोललेलं तुम्हाला ऐकू यायचं, आणि मी काही हळू बोलले नव्हते. रोज विचारीन म्हटलं आणि रोज चहा आणून दिला. माफी मागायची तर आधी ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. आज लिहिलं. तुम्ही ऐकलं नसेल तर आता वाचा, आणि ऐकलं असेल तर मला कळू न दिल्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण हेही लिहून ठेवते की वाक्य वाईट होतं, भांडण वाईट नव्हतं. ते मी पुन्हा करीन.

पौषात तुम्हाला जिना चढवेना. तुमचा भाऊ, ज्यानं दुर्बीण माळ्यावर लपवली होती, तोच रोज सकाळी तुम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर न्यायचा. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. आपला जिना इतका अरुंद की खुर्चीचे पाय भिंतीला घासायचे. तिथला चुना अजून खरवडलेला आहे. तो म्हणायचा, "आक्का, किती हलकी झाली गं," आणि तुम्ही म्हणायचात, "तू जाड झाला." वर गेल्यावर तो थांबायचा नाही. त्याला ते बघवत नव्हतं.

मग दुर्बीण धरायचीही ताकद गेली. तेव्हा मी बघायचे आणि तुम्हाला सांगायचे. ओरडूनच सांगावं लागायचं. "उठली! वर चालली! टावरच्या वर गेली! अजून वर! मोंढ्यात गाडी आली, कबुतरं उठली, आता, आता बघा!" तुम्ही डोळे मिटून ऐकत असायचात, गोधडी गळ्यापर्यंत. सगळी गल्ली ऐकत होती. समोरच्या घरातला मास्तर दात घासता घासता वर मान करून उभा राहायचा. दूधवाला गाडीवरून विचारायचा, "भाभी, पकडा क्या?" बाबारावांची आई त्यांच्या गच्चीवरून हात हलवायची. आपल्या एवढ्या भांडकुदळ गल्लीतली माणसं रोज दहा मिनिटं एकाच आभाळाकडं बघत होती.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी दोन दिसल्या. तिच्याहून लहान एक कुठून तरी आला होता, नर असावा. दोघं टॉवरभोवती फिरले आणि त्या लहानानं कबुतराला हवेतच झडपलं. पिसांचा पुंजका तिथंच तरंगत राहिला. मी किंचाळले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मारलं?"

"मारलं! मारलं आक्का!"

"बरं झालं. किती दिवसाचा उपाशी असंल."

तुमच्या पोटात तेव्हा पाण्याचा घोटही ठरत नव्हता. मी तुमच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, ही बाई जिंकून राहिली आणि मी हरून राहिले. आणि त्याच वेळी वाटत होतं, हिला आत्ता उचलावं आणि नांदेडच्या गाडीत घालावं. दोन्ही खरं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात, दुपारी, खाली पलंगावर, तुमच्या भावाचा हात धरून. होळी यायची होती. ती अजून टॉवरवर होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव घातला. त्रिशरण, पंचशील झालं, मग भाषणं झाली. तुमच्या नात्यातले एक साहेब उभे राहिले आणि म्हणाले, आक्का म्हणजे त्यागाची मूर्ती, घरच्यांना तकलीफ नको म्हणून आजार अंगावर काढला, तोंडातून शब्द काढला नाही. माझ्यामागं दोघी-तिघी कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "नर्स असून अडाण्यावानी केलं. पाखरापायी जीव घालवला म्हणे. डोक्यात फरक पडला असंल."

माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. मी उठले आणि माईकपाशी गेले. 

म्हटलं, "आक्का त्यागाची मूर्ती नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायची. दुधावरची साय तिला लागायची, कुणाला ठेवायची न्हाई. आन आजार तिनं अंगावर काढला न्हाई. सगळे कागद वाचले, पुऱ्या शुद्धीत ठरवलं. तिला हिवाळा पाहायचा होता. कुणाला तकलीफ नको म्हणून न्हाई, स्वतःला पाहिजे होता म्हणून. बाईमाणसानं एक हिवाळा स्वतःसाठी घेतला तर त्याला अडाणी म्हणायचं न्हाई आन त्यागबी म्हणायचं न्हाई. मला तिचं पटलं नव्हतं. आजबी पटत न्हाई. पण ते मी बोलीन तिला. तुमी कुणी बोलायचं न्हाई."

तुमच्याबद्दल मी कधी एकेरीत बोलले नव्हते. माईकसमोर तोंडातून गेलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. तुमचा भाऊ मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. जेवताना मामेबहिणीनं माझ्या ताटात एक पुरी जास्त टाकली आणि पुढं गेल्या.

एवढं ठणकावून सांगितल्यावर मला झोप लागायला हवी होती. नाही लागली. गेल्या सोमवारी तुमच्या भावाला सांगितलं, दुकानासाठी शाई आणायला नांदेडला चालले. पिशवीत तुमची फाईल घेतली. दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसले. डॉक्टरांनी तुम्हाला ओळखलं. म्हणाले, त्या सिस्टर ना, सगळे रिपोर्ट स्वतः वाचणाऱ्या? मी फाईल पुढं ठेवली आणि घरून घोकून आणलेला प्रश्न विचारला, "तेव्हाच, दिवाळीनंतर लगेच ऑपरेशन केलं असतं तर वाचल्या असत्या का?"

त्यांनी फाईल उघडली. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे बघा ताई..."

आणि मी उभी राहिले, आक्का. खुर्ची मागं सरकल्याचा केवढा आवाज झाला. हो म्हणाले असते तर तुम्हाला चूक ठरवून मला घरी यावं लागलं असतं. नाही म्हणाले असते तर गच्चीवरचं माझं ते वाक्य नुसतं वाक्य उरलं असतं, त्याच्या मागची माझी बाजू संपली असती. दोन्हीपैकी काहीही तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. फाईल त्यांच्या हातातून घेतली. ओढलीच म्हणा. म्हटलं, "राहू द्या साहेब. तुमचा वेळ घेतला."

बाहेर बाकावर माझ्या जागी एक बाई येऊन बसली होती, कुणाची तरी फाईल उराशी धरून. तिनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय म्हणले वं बाई डॉक्टर?"

म्हटलं, "मी म्हणूच दिलं न्हाई त्यांना."